तारेपासून सुटलेले घर

(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञानविषयक व्याख्यानाचा पाठ)



घरातील भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो. ही वीज कोठून आली, किती आली आणि किती उरली, हे प्रश्न दिवा लावणाऱ्याच्या मनात येत नाहीत, कारण भिंतीमागची तार थेट वीजकेंद्रापर्यंत गेलेली असते. ती तार तुटली की मात्र हे तिन्ही प्रश्न एकदम समोर उभे राहतात. अलीकडे काही कुटुंबे चारही चाकांना गती मिळणाऱ्या दणकट गाडीत अंथरूण, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे आणि लहानसा फ्रिज बसवून घेतात आणि डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे मुक्कामाला जातात. अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. मराठीत तिला चालते घर म्हणावयास हरकत नाही. या चालत्या घराला वीज कशी पुरवावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उदाहरणासाठी निवडलेले शहर आहे लखनौ. मराठी माणसाला हे शहर मुख्यतः पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे ठाऊक असते. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नाने तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. परंतु बॅटरीच्या अभ्यासकालाही हे शहर पुष्कळ शिकवते. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. जानेवारीत धुक्यामुळे अनेक दिवस सूर्याचे धड दर्शन होत नाही. तेथून सीतापूर, पिलीभीत, टनकपूर या मार्गाने निघालेली गाडी एका दिवसात हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचते आणि पुढे पिथौरागड, धारचूलावरून अशा उंचीवर जाते, जेथे रात्री पाणी गोठते. कडक ऊन, धुके आणि गोठवणारी थंडी या तिन्ही कसोट्या बॅटरीला एकाच प्रवासमार्गावर द्याव्या लागतात. शिवाय स्वतःची वीज स्वतःबरोबर नेणारी दोन वाहने लखनौत रोज डोळ्यांसमोर असतात. चालत्या घराची वीज समजून घेण्यापूर्वी त्या दोघांकडून धडा घ्यावा हे बरे.

पहिले वाहन चारबाग स्थानकात फलाटाला लागलेले असते. आगगाडीच्या ज्या डब्यांना स्वतःची वीज स्वतः निर्माण करावी लागते, त्यांच्या तळाशी वाकून पाहिले तर चाकांच्या आसाशी पट्ट्याने जोडलेला आल्टरनेटर दिसतो आणि जवळच लोखंडी पेट्यांत बॅटऱ्यांची रांग दिसते. गाडी धावू लागली की आस फिरतो, आल्टरनेटर वीज निर्माण करतो, तीतून दिवे-पंखे चालतात आणि उरलेली वीज बॅटरीत साठते. गाडी थांबली की बॅटरी दिवे-पंख्यांचा भार उचलते. अशा साध्या, वातानुकूलन नसलेल्या डब्यात ११० व्होल्ट दाबाची १२० अँपिअर-तासांची बॅटरी असे, आणि आल्टरनेटर साडेचार किलोवॉटचा असे. वातानुकूलित डब्यासाठी २५ किलोवॉटचे दोन आल्टरनेटर आणि ११०० अँपिअर-तासांची बॅटरी लागे. या साधनांची मानके लखनौच्या मानकनगर भागातील संस्थेत ठरतात. १९३० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मध्ये सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र ही दोन्ही १९५७ साली एकत्र करून ही अनुसंधान अभिकल्प आणि मानक संस्था निर्माण झाली. भारतीय रेल्वेच्या कोणत्याही डब्याची मोजमापे शेवटी तिच्या कागदांपर्यंत पोहोचतात.

रेल्वेचा डबा शिकवतो तो धडा असा : बॅटरी वीज निर्माण करीत नाही. ती धान्याच्या कणगीसारखी असते. जेवढे भरले तेवढेच, किंबहुना त्याहून किंचित कमीच, तिच्यातून निघते. ११० व्होल्टना १२० अँपिअर-तासांनी गुणले की १३,२०० वॉट-तास येतात, म्हणजे घरगुती मीटरवरची १३ युनिटे. एवढी कणगी आणि डबाभर प्रवासी. गाडी आडरानात तासन्‌तास अडकली की पंखे मंदावत, दिवे पिवळे पडत, त्याचे कारण हेच. दोष बॅटरीचा नसे. भरणे थांबलेले असे आणि खर्च चालू असे.

दुसरे वाहन स्थानकाबाहेर उभे असते. ई-रिक्षा. २०१५ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन तिला रीतसर स्थान मिळाले. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आणि चार प्रवासी हे तिचे नियम. महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय गोष्ट अशी की, रस्त्यांवर या रिक्षांची गर्दी होण्याच्या पुष्कळ आधी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी बॅटरीवर चालणाऱ्या सायकलरिक्षावर काम केले होते आणि २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याविषयी लिहिले होते. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेल्या या अभियंत्याने अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर फलटणसारखे गाव कार्यक्षेत्र म्हणून निवडले.

सर्वसाधारण ई-रिक्षाच्या आसनाखाली १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळतात. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने १८५९ साली जो घट तयार केला, त्याचेच हे वंशज. चालक सकाळी निघतो आणि रिक्षा ओढेनाशी होईपर्यंत फेऱ्या मारतो, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांवर घरचे दूध-भाजी अवलंबून असते. पण शिसे-आम्ल बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसत जातात आणि तिची साठवणूक घटत जाते. त्यात उन्हाळ्याची भर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. २५ अंशांवर जी बॅटरी चार वर्षे टिकावी, ती सतत ४५ अंशांवर राहिली तर जेमतेम एका वर्षाची सोबती ठरते. ई-रिक्षाचालकाला वर्षभरात नव्या बॅटऱ्यांसाठी पैसे उभे करावे लागतात, आणि रिक्षाच्या कर्जाचा हप्ता तर चालूच असतो.

मेलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहे. गल्लीतील उघड्या भट्टीत शिसे वितळवले गेले तर त्याची धूळ आणि वाफ आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. याच लखनौत १९६५ साली प्राध्यापक सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन तिच्यावर योग्य प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा ई-रिक्षाचा धडा दुहेरी आहे : कणगी रोज तळापर्यंत खरवडू नये, आणि तिला उन्हात तापवू नये. अकाली मेलेल्या बॅटरीची किंमत तिचा मालक तर देतोच. कधी कधी शेजारचे मूलही देते.

हे दोन धडे हाती घेऊन आता चालत्या घराकडे वळावे. लखनौत राहणारे एक मराठी कुटुंब कल्पनेत आणावे : आई, वडील, शाळकरी मुलगी आणि आजी. जुन्या गाडीत राहण्याची सोय करून उन्हाळ्याच्या सुट्टीत कुमाऊँच्या वरच्या खोऱ्यांत जाण्याचा त्यांचा बेत आहे. आजीला मधुमेह आहे आणि तिला रोज इन्शुलिन घ्यावे लागते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते; ते फार तापले तर त्याचा गुण जातो, आणि गोठले तरीही जातो. या कारणामुळे या गाडीतील फ्रिज ही चैन राहत नाही. इतर प्रवाशांची बॅटरी संपली तर शीतपेये कोमट होतात. या कुटुंबाची बॅटरी संपली तर आजीचे औषध धोक्यात येते.

अशा कुटुंबातील वडील बहुधा आधी दुकानात जातात आणि बॅटरी केवढी घ्यावी असे विचारतात. दुकानदार हाताशी असेल ती देतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी खर्च लिहावा, मग भरण्याची साधने पाहावीत आणि सर्वांत शेवटी बॅटरी ठरवावी. हा हिशेब सातवीच्या मुलीला करता येतो, म्हणून तो तिच्याच वहीत मांडावा.

बारा व्होल्टवर चालणारा लहान फ्रिज साधारण ५० वॉट घेतो. त्याचे यंत्र सतत चालत नाही. थंडावा पुरेसा झाला की थांबते. पण बाहेर लखनौचा मे महिना असेल तर ते दिवसातून १२ तास चालेल असे धरावे. ५० गुणिले १२, म्हणजे ६०० वॉट-तास. २५ वॉटचा पंखा आठ तास : २००. पाच वॉटचे तीन दिवे चार तास : ६०. भ्रमणध्वनी आणि एक संगणक मिळून १२०. पाण्याचा ६० वॉटचा पंप दिवसभरात एकंदर वीस मिनिटे : २०. बेरीज १,००० वॉट-तास. घरच्या मीटरवर हे एकच युनिट, पण आडरानात ते मिळवावे लागते. यात विजेची शेगडी नाही आणि केस वाळवण्याचे यंत्रही नाही. उष्णता निर्माण करणारे प्रत्येक साधन कणगीला भगदाड पाडते. हजार वॉटची किटली १५ मिनिटे चालली तरी दोन दिवसांच्या दिव्यांपेक्षा अधिक वीज खाऊन टाकते. चहा गॅसच्या शेगडीवर करावा, हा निर्णय वहीतच झालेला बरा.

आता राखीव साठ्याचा विचार. पावसाची पहिली सर आली की कुमाऊँतील रस्त्यांवर दरडी कोसळतात आणि वाहने एक-दोन दिवस जागच्या जागी उभी राहतात. त्याच दिवशी आकाश ढगाळ असते, म्हणजे इंजिन बंद आणि सूर्यही बंद. हा योगायोग नव्हे. दोन्हींचे कारण एकच पाऊस आहे. म्हणून दोन दिवसांचा खर्च, म्हणजे २,००० वॉट-तास, हाताशी असावा.

शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, हे ई-रिक्षाने शिकवले. त्यामुळे २,००० वॉट-तास काढण्यासाठी ४,००० ची साठवणूक हवी. १२ व्होल्टवर ती सुमारे ३३० अँपिअर-तास होते आणि तिचे वजन शंभर किलोच्या वर जाते. खडकाळ वाटेवर एवढे शिसे वागवणे म्हणजे आणखी दोन माणसे बसवून नेण्यासारखे आहे. दुसरा पर्याय लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा. १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातील संशोधनातून या द्रव्याची उपयुक्तता दाखवून दिली. पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी जॉन गुडइनफ यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी ८० टक्के रिकामी केली तरी हजारो वेळा भरता येते, आणि लिथियमच्या इतर काही प्रकारांच्या मानाने ती सहजासहजी पेटत नाही. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची एक बॅटरी २,५६० वॉट-तास साठवते. तिचे ८० टक्के म्हणजे दोन हजारांहून थोडे अधिक. वजन सुमारे २५ किलो. किंमत मात्र बरीच अधिक.

परंतु हिचेही एक पथ्य आहे. शून्य अंशाखाली ही बॅटरी भरली तर लिथियम जेथे शिरावयास हवे तेथे न शिरता धातूच्या रूपात वरच साचते आणि बॅटरीची कायमची हानी होते. वीज काढता येते, भरता येत नाही. धारचूलाच्या वर, रात्री पाणी गोठलेले असताना, पहाटे इंजिन सुरू केले आणि भरणे आपोआप सुरू झाले, तर एका सकाळी मोठा खर्च पाण्यात जातो. म्हणून थंडीत भरणे स्वतःहून थांबवणारी नियंत्रक व्यवस्था असलेलीच बॅटरी घ्यावी आणि ती राहण्याच्या भागात, झोपण्याच्या फळीखाली ठेवावी. तेथे माणसांच्या उबेने ती उबदार राहते. लखनौच्या उन्हाळ्यासाठीही तीच जागा योग्य. इंजिनाशेजारी ती ठेवू नये. शिसे-आम्ल बॅटरी घेतली असेल, तर भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिची पेटी बंद करून नळीने वायू बाहेर सोडावा.

भरण्याची साधने दोन : इंजिनाचा आल्टरनेटर आणि छतावरचे सौर पॅनल. येथे रेल्वेच्या डब्यापेक्षा एक गोष्ट अवघड आहे. गाडीची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. घराचा खर्च तिच्यावर टाकला आणि ती रिकामी झाली, तर गाडी हलणार नाही, आणि गाडी हलली नाही तर बॅटरी भरणार नाही. म्हणून चालत्या घराची पहिली मर्यादारेषा हीच : घराने इंजिनाच्या बॅटरीला हात लावू नये. दोन्ही बॅटऱ्या साध्या तारेने जोडून ठेवणेही चुकीचे, कारण रिकामी लिथियम बॅटरी आल्टरनेटरकडून जेवढा प्रवाह मिळेल तेवढा ओढते आणि मंद गतीने चाललेल्या इंजिनावर आल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा चार्जर बसवावा. ३० अँपिअरचा असा चार्जर सुमारे ४०० वॉटने बॅटरी भरतो. अडीच तासांच्या प्रवासात एका दिवसाचा खर्च निघतो.

सौर पॅनल २०० वॉटचे असेल आणि दिवसाचे ऊन पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतके धरले, तर कागदावर १,००० वॉट-तास येतात. प्रत्यक्षात धूळ, उष्णता आणि वहनातील घट वजा जाता ७०० च्या आसपास मिळतात. पॅनल तापले की त्याची शक्ती कमी होते. उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला तर सुमारे सहावा हिस्सा तेथेच जातो. लखनौचे अक्षांश सुमारे २७ अंश उत्तर आहे, म्हणून डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४० अंशच वर येतो आणि छतावर आडव्या ठेवलेल्या पॅनलला तिरपे ऊन मिळते. त्यावर धुके आले की उत्पन्न निम्म्याच्याही खाली जाते. आणखी एक पेच आहे : पॅनलला ऊन हवे, फ्रिजला आणि आजीला सावली. गाडी झाडाखाली उभी करून सुटे पॅनल लांब तारेने उन्हात मांडणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

तारेचा विषय निघालाच आहे, तर तेथे थांबले पाहिजे. चालत्या घरातील विजेच्या अपघाताचे मूळ बॅटरीत नसून तारेतही असू शकते. घरातील २३० व्होल्टवर हजार वॉटला साडेचार अँपिअरही पुरत नाहीत असे नाही. १२ व्होल्टवर त्याच कामाला ८० हून अधिक अँपिअर लागतात. दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा आणि म्हणून तार जाड. जॉर्ज ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम दहावीच्या पुस्तकात असतो. तो येथे प्रत्यक्ष लावता येतो. इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची तार लागते. ती चार चौरस मिलिमीटर जाडीची घेतली, तर तिचा रोध ०.०४४ ओहम भरतो. तीस अँपिअर वाहिले की १.३ व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे दाबाचा दहावा हिस्सा, आणि सुमारे ४० वॉट तारेच्या अंगात उष्णता होऊन साचतात. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर गळती ०.३३ व्होल्टवर येते. तारेत वाचवलेले पैसे रोज उष्णतेच्या रूपाने भरावे लागतात.

वितळतार, म्हणजे फ्यूज, याविषयीही एक गैरसमज आहे. तो साधनाच्या रक्षणासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. मुख्यतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो साधनाजवळ नव्हे, बॅटरीजवळ, धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. त्याचे माप साधनाच्या प्रवाहापेक्षा मोठे आणि तारेला सोसेल त्यापेक्षा लहान असावे. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण तेथे आग दोन्हीकडून येऊ शकते. खडकाळ रस्त्यावर गाडी तासन्‌तास थरथरते. पत्र्याच्या छिद्रातून ओढलेली तार कडेवर घासत राहते आणि एखाद्या रात्री तिचे आवरण फाटते. प्रत्येक छिद्रात रबरी कडी बसवावी, तार दर वीतभरावर बांधावी, बॅटरी पट्ट्याने तळाशी जखडावी, आणि शंभर किलोमीटर खडबडीत वाट झाल्यावर सर्व नटबोल्ट हाताने तपासावेत. हे काम कंटाळवाणे आहे. ज्या गाडीत चार माणसे झोपतात, त्या गाडीत ते टाळता येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ बांधणीहून वेगळे बदल करण्यावर बंधने आहेत. तेव्हा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. परवानगीचा कागद अपघातानंतर शोधण्याची वेळ येऊ नये.

एवढे सगळे जमल्यावर एक प्रश्न उरतो : वीज संपत आली तर आधी काय बंद करावयाचे? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न बॅटरी संपतानाच विचारला जातो आणि मग भांडण होते. तो निघण्यापूर्वी सोडवावा. शिवाय लिथियम बॅटरीचा दाब फसवा असतो. पाऊण भरलेली आणि पाव भरलेली बॅटरी जवळजवळ सारखाच दाब दाखवते. म्हणून आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजत राहणारा मीटर बसवावा. तो बँकेच्या पासबुकासारखा असतो. जमा आणि खर्च दोन्ही दाखवतो. त्या कुटुंबाने असे ठरवावे : साठा ५० टक्क्यांवर आला की संगणक बंद. ४० टक्क्यांवर पंखा बंद. ३० टक्क्यांवर एक दिवा सोडून बाकीचे बंद. त्यानंतर उरलेली वीज केवळ फ्रिजची. हा तक्ता मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवावा, म्हणजे पंखा बंद करताना कोणाला कोणाचा राग येणार नाही.

आणि फ्रिजही थांबला तर? येथे एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. कोरड्या हवेत ओला माठ आतली वस्तू बाहेरच्या मानाने बरीच गार ठेवतो. ज्या घरांत वीज नाही, तेथे अनेक मधुमेही रुग्ण इन्शुलिनची कुपी कोरड्या पिशवीत बंद करून माठात ठेवतात. माठ २ ते ८ अंशांपर्यंत पोहोचवत नाही. पण वापरात असलेली कुपी लखनौच्या लूपासून वाचवावयास तो उपयोगी पडतो. कितीही दिवसांचा साठा असला, तरी आजीच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून अशी दुसरी सोय आखून ठेवावी. ज्या घरात एखाद्याचे औषध विजेवर अवलंबून आहे, तेथे बॅटरी हा शेवटचा आधार नसावा. तिच्यामागे आणखी एक आधार असावा.

विद्यार्थिमित्रहो, तारेपासून सुटका झाली म्हणजे हिशेबापासून सुटका झाली, असा समज घेऊन पुष्कळ लोक डोंगरात जातात. वास्तव उलट आहे. तारेला जोडलेल्या घरात हिशेब वीजमंडळ करते. सुटलेल्या घरात तो घरातल्यांनाच करावा लागतो. आगगाडीचा डबा, ई-रिक्षा आणि हे कल्पित कुटुंब या तिघांचेही गणित एकच आहे : किती लागते, किती येते, किती राखावे. त्यासाठी गुणाकार, भागाकार, त्रैराशिक आणि ओहमचा नियम पुरतो. हे चारही या शाळेच्या फळ्यावर गेली साठ वर्षे मराठीतून शिकवले जात आहेत.

म्हणून शेवटी एक स्वाध्याय. आज घरी गेल्यावर फ्रिज, पंखा, दूरचित्रवाणी संच यांच्या मागील पट्टी वाचावी. तेथे वॉट लिहिलेले असतात. त्यांना दिवसभरातील तासांनी गुणावे आणि बेरीज करावी. मग आजी-आजोबांना विचारावे : उद्या वीज दोन दिवस आली नाही, तर यातील कोणती वस्तू सर्वांत शेवटी बंद करावयाची? उत्तर प्रत्येक घरात वेगळे येईल. ते वहीत तारीख घालून लिहून ठेवावे.